वार्धक्याची तरतूद : उपकार नव्हे, हक्क




माणूस नोकरीतून निवृत्त होतो त्या दिवशी त्याला शाल मिळते, श्रीफळ मिळते, भिंतीवरचे एक घड्याळ मिळते. सहकारी दोन शब्द बोलतात आणि तो घरी येतो. घरी फंडाच्या रकमेची वाट पाहणारे अनेक जण असतात. थोरल्याला दुकानासाठी अनामत हवी असते, धाकट्या मुलीचे लग्न ठरलेले असते, घरावर स्लॅब टाकायचा राहिलेला असतो. तीस वर्षांची पुंजी दोन-तीन वर्षांत वाटली जाते. पुढे एके दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या संपतात. म्हातारा संकोचून मुलाकडे पैसे मागतो आणि त्याला ऐकावे लागते, "अब्बा, तुमच्या फंडाचे काय झाले?"

शेजारच्या घरी चित्र वेगळे असते. तेथील वडिलांना चांगले निवृत्तिवेतन आहे. म्हणून मुलांनी समजून घेतले आहे की आपली जबाबदारी सरकारने उचलली. महिनोन्महिने कुणी विचारीत नाही.

तिसऱ्या घरात ना फंड आहे, ना निवृत्तिवेतन. चाळीस वर्षे यंत्रमाग चालवलेले किंवा गोणी वाहिलेले एक शरीर तेथे खाटेवर पडून आहे आणि ज्यांच्यासाठी ते झिजले त्यांना आता त्याचे नावही आठवत नाही.

तीन घरे आणि प्रश्न मात्र एकच : माणसाचे हात थकल्यानंतर त्याच्या भाकरीचा, औषधाचा आणि छपराचा खर्च कोणी करायचा?

आपण या प्रश्नाचे उत्तर सहसा दया, उपकार, पुण्य अशा शब्दांत देतो. इस्लामची शिकवण पाहिली तर तेथे दुसराच शब्द भेटतो, आणि तो आहे हक्क. जनाजा कबरस्तानापर्यंत न्यायला चार खांदे लागतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या आधीच्या थकलेल्या वर्षांचा भार वाहण्यासाठीही शरिअतने चार खांदे नेमले आहेत : माणसाचा स्वतःचा, त्याच्या मुलाबाळांचा, ज्याने त्याच्याकडून काम करून घेतले त्याचा, आणि समाज व शासनाचा. यांपैकी एकाने खांदा दिला म्हणून दुसऱ्याची सुटका होत नाही. ही गोष्ट क्रमाक्रमाने समजून घेऊ या.

पहिला खांदा : स्वतःचा

आपल्यातील अनेक सज्जन म्हणतात, "रोजी देणारा अल्लाह आहे, उद्याची चिंता कशाला?" रोजी देणारा अल्लाहच आहे, यात कोणत्याही श्रद्धावंताला शंका नाही. परंतु त्याच अल्लाहने दिव्य कुरआनात हजरत यूसुफ (अलै.) यांची हकीकत आपल्याला सांगितली आहे. इजिप्तच्या राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना त्यांनी सुबत्तेच्या सात वर्षांत केवळ खाण्यापुरते धान्य काढून बाकीचे कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला दिला, कारण त्यामागून सात कठीण वर्षे येणार होती. एका प्रेषिताने बचतीची योजना आखली आणि अल्लाहने ती अंतिम ग्रंथात कायमची नोंदवून ठेवली. तारुण्य ही सुबत्तेची वर्षे होत आणि त्यामागून कोणती वर्षे येतात हे सांगण्यासाठी स्वप्नाची गरज नाही.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याहून अधिक अल्लाहवर विसंबणारा कोण असेल? तरीही हजरत उमर (रजि.) यांनी सांगितल्याचे हदीसग्रंथांत नमूद आहे की बनू नजीरच्या खजुरींच्या उत्पन्नातून प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची बेगमी राखून ठेवीत. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे शिकविले. आपल्या वार्धक्याचा उंट आपण बांधला आहे का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांचा प्रसंग तर या विषयाचा पायाच आहे. अंतिम हजच्या वर्षी ते मक्केत गंभीर आजारी पडले. त्या वेळी त्यांना एकच मुलगी होती आणि संपत्ती पुष्कळ होती. दोन तृतीयांश मालमत्ता दान करू का, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी (स.) नकार दिला. अर्धी? तीही नाही. एक तृतीयांशाला परवानगी मिळाली, तीही एक तृतीयांश पुष्कळ आहे या जाणिवेसह. कारण वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना संपन्न ठेवून जाणे अधिक चांगले, अशी शिकवण त्यांनी दिली. विचार करा, येथे अल्लाहच्या मार्गातील दानालाही मर्यादा घातली गेली, ती घरच्यांवर परावलंबी होण्याची वेळ येऊ नये म्हणून. मग लग्नाच्या मांडवावर, पाचशे माणसांच्या बिर्याणीवर आणि हुंड्यासारख्या अनिष्ट प्रथेवर आयुष्याचा फंड उधळण्याला कोणती परवानगी असू शकते? सूरह बनी इस्राईलमध्ये हात मानेला बांधून ठेवू नये आणि तो पुरता मोकळाही सोडू नये, अन्यथा माणूस निंदित व हताश होऊन बसतो, असा इशारा दिला आहे. हताश होऊन बसलेला तो माणूस आपण निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी पुष्कळ घरांत पाहतो.

कोकणातील बांधवांनी याबाबत विशेष विचार करावा. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील गावोगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आखाती देशांत राबली. तेथे परदेशी कामगाराला निवृत्तिवेतन नसते, सेवा संपताना एकरकमी मोबदला मिळतो. सौदी अरेबियाच्या कायद्याचेच उदाहरण घ्या : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि त्यानंतर दरवर्षी एका महिन्याचा पगार. म्हणजे वीस वर्षे घाम गाळल्यावर हाती येतो साडेसतरा महिन्यांचा पगार. त्यानंतर अल्लाहने वीस वर्षांचे आयुष्य दिले तर ते साडेसतरा महिने कसे पुरणार? गावात दुमजली बंगला उभा असतो, पण खिडक्या बंद असतात आणि विजेचे बिल भरायला रोकड नसते. ज्या पैशाने बंगल्याचा दुसरा मजला चढला, त्या पैशात बाजारपेठेत एक गाळा घेतला असता तर त्याचे भाडे दरमहा आले असते.

दोन हजार रुपये दरमहा, अशी पंचवीस वर्षे बाजूला ठेवली तर काहीही वाढ न धरता सहा लाख रुपये होतात. परंतु रोकड नुसती दडवून ठेवू नये. महागाई तिचे मोल कमी करते आणि निसाबपेक्षा अधिक बचतीवर दरवर्षी अडीच टक्के जकात द्यावीच लागते. अनाथांचा पैसा व्यापारात लावा, नाहीतर जकातच तो संपवून टाकील, असा हजरत उमर (रजि.) यांचा उपदेश इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आला आहे. वृद्धाच्या पुंजीलाही हेच लागू पडते. पैसा कामाला लावावा, पण हलाल कामाला : भाड्याचा गाळा, शेतजमीन, विश्वासू माणसाच्या धंद्यात नफा-तोट्याची भागीदारी, किंवा शरिअतचे निकष पाळणारे समभाग. राहत्या घरावर जकात नाही. भाड्याने दिलेल्या गाळ्याच्या किमतीवरही नाही, त्याच्या भाड्यातून साठणाऱ्या रकमेवर आहे.

येथे अनेकांच्या मनातील शंका पुढे येते. पगारातून सक्तीने कापल्या जाणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीत जी वाढीव रक्कम जमा होते, ती व्याज आहे का? मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांच्यासह उपखंडातील अनेक हनफी विद्वानांचे मत असे की सक्तीची कपात कर्मचाऱ्याच्या ताब्यात कधी आलेलीच नसते, म्हणून तिच्यासह मिळणारी वाढ ही मालकाकडून मिळणारा मोबदलाच ठरते आणि ती घेणे वैध आहे. मात्र स्वतःच्या मर्जीने जास्तीची रक्कम कापून घेऊन तिच्यावर वाढ घेण्यापासून त्यांनी दूर राहण्यास सांगितले आहे. बँकेतील मुदतठेवीचे व्याज तर उघड व्याजच आहे. म्हातारपणाच्या भीतीने ते हलाल होत नाही. आपल्या प्रकरणाचे बारकावे जवळच्या जाणत्या मुफ्तींना विचारून घ्यावेत. हरामच्या भाकरीवर शेवटची वर्षे काढून अल्लाहसमोर जाण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

आणखी एक गोष्ट. हयातीतच सारे घर मुलांच्या नावे करून टाकण्याची घाई करू नका. मृत्यूनंतर कोणाला किती द्यायचे, हे अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहे. जिवंतपणी द्यायचेच असेल तर सर्व अपत्यांना समान द्या. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला दिलेल्या देणगीवर साक्षी राहण्यास प्रेषितांनी (स.) नकार दिला होता. देशाच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही अशी सोय आहे की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता घेऊन जो सांभाळ करीत नाही, त्याच्या नावे झालेले हस्तांतर न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. पण त्या दारापर्यंत जाण्याची पाळी बापावर यावी, हीच मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे.

दुसरा खांदा : मुलाबाळांचा

आता तरुण वाचकांनी लक्ष द्यावे. आपल्या वडिलांनी बचत केली नाही, फंड उधळला, हिशेब ठेवला नाही, हे सारे खरे असू शकेल. तरीही त्यामुळे आपली जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहने केवळ आपलीच भक्ती करण्याचा आदेश दिला आणि त्याच आयतीत मातापित्यांशी सद्वर्तनाचा आदेश जोडला. त्यांच्यापैकी एक किंवा दोघेही वार्धक्याला पोहोचले तर त्यांना 'उफ' देखील म्हणू नये, त्यांना झिडकारू नये, असे तेथे बजावले आहे. या आयतीतील एका शब्दाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आईवडील 'तुझ्यापाशी' वृद्ध झाले तर, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे त्यांचे वार्धक्य आपल्याजवळ, आपल्या देखरेखीखाली जाईल, हे गृहीतच धरले आहे. पुढील आयतीतील प्रार्थनाही आठवावी : त्यांनी लहानपणी जसे वाढविले त्याची आठवण ठेवून त्यांच्यासाठी दयेची याचना करायला अल्लाहने शिकविले आहे. आपले दूध, कपडे, शाळेची फी यांचा हिशेब त्यांनी कधी मागितला होता का?

येथे फिक्हचा एक निर्णय ध्यानात घ्यावा. मुलगा आपल्या गरजू आईवडिलांना जकात देऊ शकत नाही. दिली तर त्याची जकात अदा होत नाही. का बरे? कारण त्यांचा निर्वाह आधीच त्याच्यावर बंधनकारक आहे. देणेकऱ्याने कर्ज फेडावे आणि तेच दान म्हणून लिहून ठेवावे, असे शरिअत चालू देत नाही. गरीब भाऊ, बहीण, मामा, आत्या यांना जकात देता येते. आपल्या माणसाला दिल्याने दानाचे आणि नाते जपण्याचे असे दुहेरी पुण्य मिळते, असे हदीसमध्ये आहे. पण आईवडिलांच्या बाबतीत हा दरवाजाच बंद आहे. आता सांगा, जे दान म्हणून स्वीकारलेही जात नाही, ते अम्मी-अब्बांच्या हातावर ठेवताना चेहऱ्यावर उपकाराचा भाव कसा आणता येईल?

कोकणातील शाफई असोत वा देशावरील हनफी, गरजू मातापित्यांचा निर्वाह ऐपतदार अपत्यांवर वाजिब आहे, याविषयी मतभेद नाही. हनफी फिक्हच्या प्रसिद्ध मतानुसार ही जबाबदारी ऐपत असलेल्या मुलावर आणि ऐपत असलेल्या मुलीवर सारखीच आहे. "मी तर परक्या घरची झाले" असे म्हणून कमावती मुलगी मोकळी होत नाही, आणि "बहिणींनी हिस्सा घेतला, त्याच पाहतील" असे म्हणून भाऊही मोकळा होत नाही. तू आणि तुझी मालमत्ता तुझ्या पित्याची आहे, अशा आशयाची हदीस इब्ने माजा यांनी नोंदविली आहे. विद्वानांनी तिचा अर्थ असा सांगितला की पित्याने मुलाचे सर्वस्व बळकावावे असे नव्हे, तर गरजेपुरते त्याने संकोच न करता घ्यावे. संकोच न करता, हे महत्त्वाचे. ज्या घरात बापाला गोळ्यांसाठी दोनदा मागावे लागते, त्या घरातील मुलाची नमाज, रोजे आणि जकात यांची विचारणा होईल तेव्हा ती गोळ्यांची चिठ्ठीही समोर येईल.

ज्यांच्या वडिलांना निवृत्तिवेतन आहे, त्यांचे काय? पैशाची गरज नसेल तर पैशाचे बंधन नाही, हे खरे. पण सद्वर्तनाच्या आदेशाला उत्पन्नाची अट नाही. दवाखान्यात सोबत जाणे, संध्याकाळी जवळ बसणे, तेच ते बोलणे पुन्हा ऐकून घेणे, या गोष्टी कोणतेही कोषागार देत नाही.

आणि अम्मीला विसरू नका. जिने कधी पगार घेतला नाही, तिला फंडही नसतो. तिच्या म्हातारपणासाठी शरिअतने दोन ठेवी ठेवल्या आहेत : मेहर आणि वारसाहक्क. मेहर पुष्कळांच्या निकाहनाम्यावरच राहतो. पतीच्या मृत्यूनंतर अपत्ये असल्यास विधवेला एक अष्टमांश आणि नसल्यास एक चतुर्थांश हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे. तरीही "अम्मीला आता काय करायचेय पैशाचे?" असे म्हणून मुले वाटणी करून मोकळी होतात. आधी पतीचे कर्ज म्हणून तिचा थकलेला मेहर द्या, मग तिचा आठवा हिस्सा द्या, आणि त्यानंतरही तिला आपल्या घरात सन्मानाने ठेवा. हिस्सा दिला म्हणून सांभाळ संपत नाही आणि सांभाळ केला म्हणून हिस्सा बुडत नाही.

तिसरा खांदा : काम करून घेणाऱ्याचा

मालेगाव आणि भिवंडी येथे यंत्रमागाचा मालकही पुष्कळदा मुसलमान असतो आणि कामगारही. दोघे एकाच सफेत उभे राहून जुमा अदा करतात. मग कामगाराचे हात थकतात आणि मालक त्याला ओळखेनासा होतो.

देशाच्या कायद्याने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना भविष्यनिर्वाह निधी लागू केला आहे. सर्वसाधारणपणे कामगाराच्या वेतनातून १२ टक्के आणि मालकाकडून तेवढेच, असे त्यात जमा होते. मालकाच्या वाट्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात. हा वाटा भरावा लागू नये म्हणून एका कारखान्याचे कागदावर दोन-तीन तुकडे करणे, कामगारांची नावे हजेरीपटावर न घेणे, किंवा कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम भरणाच न करणे, यांना आपण व्यवहारचातुर्य म्हणतो. अल्लाहकडे याचे नाव वेगळे आहे. कियामतच्या दिवशी ज्या तिघांविरुद्ध अल्लाह स्वतः वादी असेल, त्यांत एक असा आहे ज्याने मजूर लावला, पुरेपूर काम करून घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. निधीतील वाटा हा मजुरीचाच भाग आहे, फरक एवढाच की तो उशिरा द्यायचा असतो. घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण ज्या उम्मतला मिळाली, तिने माणूस वाळून गेल्यावरही ती देऊ नये?

ज्याच्याकडे कायदा पोहोचत नाही त्यानेही विचार करावा. आपल्या दुकानात पंधरा वर्षे असलेला नोकर, घरी भांडी घासणारी बाई, गाडी चालविणारा म्हातारा, यांच्यासाठी आपण दरमहा काही बाजूला ठेवतो का?

आणि आता एक कटू गोष्ट. मशिदीचे इमाम साहेब आणि मुअज्जिन हेही कोणाचे तरी कर्मचारी आहेत, आणि त्यांचे मालक आपण आहोत. पहाटेच्या काळोखात तीस वर्षे ज्यांनी आपल्याला झोपेतून उठविले, त्यांचा आवाज एके दिवशी चिरकू लागतो. मग कमिटीची बैठक होते, नवा मुअज्जिन येतो आणि जुन्याला मशिदीची खोली रिकामी करावी लागते. हातात काय पडते? एक हार आणि थोडीशी वर्गणी. त्याच वर्षी मशिदीत नवीन गालिचा आणि वातानुकूलन यंत्रे बसतात. बंधूंनो, मशिदीच्या भिंतींना निवृत्त व्हावे लागत नाही, तिच्या सेवकांना लागते. प्रत्येक कमिटीने इमाम, मुअज्जिन व मदरशाच्या शिक्षकांसाठी पगाराव्यतिरिक्त दरमहा ठरावीक रक्कम त्यांच्या नावे स्वतंत्र ठेवण्याचा ठराव केला पाहिजे. हा ठराव करायला कोणत्याही शासकीय परवानगीची गरज नाही.

चौथा खांदा : समाज आणि शासनाचा

ज्याला स्वतःची पुंजी नाही, मूलबाळ नाही किंवा असूनही ऐपत नाही, त्याचे काय? आदरणीय प्रेषितांनी (स.) जाहीर केले होते की जो संपत्ती मागे ठेवील ती त्याच्या वारसांची, आणि जो कर्ज किंवा निराधार माणसे मागे ठेवील त्यांचा भार आपल्यावर. राज्यप्रमुख या नात्याने ही घोषणा ज्या काळी केली गेली, त्या काळी जगातील किती राजे असे म्हणत असतील?

हजरत उमर (रजि.) यांनी एका अंध, वृद्ध यहुदी माणसाला दारोदार भीक मागताना पाहिले. त्यांनी त्याचा हात धरून त्याला आपल्या घरी नेले, जवळचे काही दिले आणि मग बैतुलमालच्या (सार्वजनिक कोषाच्या) अधिकाऱ्याला बोलावून हा व याच्यासारखे इतर शोधून काढण्यास सांगितले. त्याच्या तारुण्याची कमाई आपण खावी आणि म्हातारपणी त्याला टाकून द्यावे, हा न्याय नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचा जिझियाही त्यांनी माफ केला. इमाम अबू यूसुफ यांनी 'किताबुल खराज' या ग्रंथात ही हकीकत दिली आहे. लक्षात घ्या, तो मुसलमान नव्हता. म्हाताऱ्याच्या हक्काला धर्माची अट लावली गेली नाही.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात हेच तत्त्व मान्य केले : निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे. म्हणून तो दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

परंतु हक्क मान्य झाला तरी पैसा कोणाच्या खिशातून यायचा, हा वाद उरतोच. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना लागू झाली आणि जुन्या योजनेसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. कर्मचारी म्हणतात, आयुष्यभराच्या सेवेनंतर बाजाराच्या चढउतारावर आम्हाला सोडू नका. दुसरी बाजू म्हणते, आजच्या निवृत्तांचा सारा भार उद्याच्या करदात्यांवर टाकू नका, ज्यांत स्वतःला काहीही निवृत्तिवेतन नसलेले हमाल, फेरीवाले आणि विणकरही आहेत.

या दोन्ही बाजूंना हजरत उमर (रजि.) यांच्या काळात एक आदर्श सापडतो. इराकची सुपीक जमीन हाती आली तेव्हा ती सैनिकांत वाटून टाकावी अशी मागणी जोर धरू लागली. हजरत उमर (रजि.) यांनी ती मानली नाही. आज सारे वाटले तर नंतर येणाऱ्यांसाठी काय उरेल, असा त्यांचा प्रश्न होता. सूरह हश्रमध्ये नंतर येणाऱ्यांचाही उल्लेख आहे, हा त्यांचा आधार होता. जमीन मूळ कसणाऱ्यांकडेच राहिली आणि तिच्या उत्पन्नातून सर्वांना वेतने व निर्वाह मिळत राहिला. यातून आपल्याला दोन गोष्टी शिकायला मिळतात. दिलेले वचन पाळावे, कारण करार पूर्ण करण्याचा आदेश कुरआनचा आहे. आणि वचन देतानाच असे द्यावे की ते फेडण्यासाठी पुढच्या पिढीची भाकरी हिसकावावी लागू नये. शिवाय ज्यांचा आवाज संपापर्यंतही पोहोचत नाही, त्यांचा हक्क सर्वांत आधी पाहावा.

कारण त्यांच्या वाट्याला काय येते पाहा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ पासून किमान रक्कम दरमहा १,००० रुपये आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून पासष्ट वर्षांवरील निराधारांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. ही रक्कम अपुरी आहे. ती वाढावी यासाठी बोलणे, निवेदन देणे हेही आपले नागरी आणि धार्मिक कर्तव्य आहे. तोवर जी मिळते ती पात्र माणसापर्यंत पोहोचविली पाहिजे. आपल्या वस्तीतील कितीतरी विधवा आणि वृद्ध केवळ वयाचा दाखला नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, तहसील कार्यालयात सोबत येणारे कोणी नाही, म्हणून वंचित राहतात. मशिदीतील तरुणांनी महिन्यातून एक रविवार या अर्जांसाठी दिला तर ती मोठी सेवा होईल. मात्र ज्यांची मुले दुबईत कमावतात त्यांनी खोटा दाखला काढून हे पैसे घेऊ नयेत. ते निराधाराच्या ताटातले आहेत.

आता आपली पाळी

प्रिय वाचकहो, आपण प्रत्येक जण या चारपैकी एकाहून अधिक ठिकाणी उभे आहोत. आज आपण कोणाचा मुलगा किंवा मुलगी आहोत, कोणाचे मालक आहोत, मशिदीच्या कमिटीचे सदस्य आहोत, करदाते आहोत आणि उद्या, अल्लाहने आयुष्य दिले तर, स्वतः वृद्ध होणार आहोत.

म्हणून हा लेख मिटविण्यापूर्वी आजच काही कामे ठरवा. आपल्या बचतीचा एक हलाल मार्ग निश्चित करा, रक्कम लहान असली तरी चालेल. अम्मी-अब्बांना दरमहा द्यायची रक्कम त्यांनी मागण्यापूर्वी, ठरलेल्या तारखेला, त्यांच्या हातात पोहोचेल अशी व्यवस्था करा. भाऊ-बहिणी एकत्र बसा आणि कोण किती देणार हे लिहून ठेवा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखविण्याची वेळ येणार नाही. आपल्या हाताखालील माणसाच्या निधीचा भरणा तपासा. येत्या जुम्याला कमिटीसमोर मुअज्जिन साहेबांच्या म्हातारपणाचा विषय काढा.

जनाजा उचलताना आपण खांदा देण्यासाठी पुढे धावतो, कारण त्यात पुण्य आहे हे आपल्याला ठाऊक आहे. जो माणूस अजून जिवंत आहे, खाटेवर बसून दाराकडे पाहतो आहे, त्यालाही आपल्या खांद्याची गरज आहे.

हे अल्लाह, आमच्या मातापित्यांच्या थकलेल्या वर्षांत आम्हाला त्यांच्या उपयोगी पडू दे. आमच्या कमाईत हलालची बरकत दे. ज्यांच्या श्रमावर आम्ही उभे आहोत त्यांचा हक्क बुडविण्यापासून आम्हाला वाचव. आणि आमचे हात थकतील तेव्हा तुझ्याखेरीज कोणापुढे ते पसरण्याची पाळी आमच्यावर आणू नकोस. आमीन.